आणखी कोणी पाहिलं?

ऑर्लिन कॅस्परने जे पाहिलं त्यात त्याची काही चूक नव्हती. माणसाला डोळे आहेत, डोक्यावर आभाळ आहे, आणि नेब्रास्कात आभाळाखेरीज बघण्यासारखं दुसरं फारसं काही नाही. चूक झाली ती एवढीच, की पाहिल्यावर त्याने ते कळवलं.

आता कळवणं हे तर त्याचं कामच होतं. ब्रँडेल गावात वादळाचे राखणदार म्हणून काही मंडळी नेमलेली होती. वसंत सरत आला आणि ढग दाटले की हे लोक आपापल्या गाड्या काढून गावाबाहेर ठरल्या जागी उभे राहत, ढगाला सोंड फुटतेय का, म्हणजे चक्रीवादळ जमिनीकडे उतरतंय का, ते बघत, आणि फुटली तर गाडीतल्या रेडिओवरून कोर्टाच्या तळघरात बसणाऱ्या रोझेला पोलाचेकला सांगत. रोझेलाने टेबलावरचं बटण दाबलं की बंबखान्यावरचा भोंगा वाजे आणि अख्खं गाव तळघरात उतरे. या राखणदारांसाठी हवामानखात्याचा एक माणूस दरवर्षी शाळेत येऊन शिकवणी घेई. बाकीचे शिकवणीला येत ते नंतर मिळणाऱ्या चिलीसाठी, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्शासाठी, आणि तिच्याबरोबरच्या दालचिनीच्या रोलसाठी. ऑर्लिन पेन्सिल घेऊन येई. "जे दिसतं ते सांगा, जे वाटतं ते सांगू नका," हे खात्याच्या माणसाचं वाक्य त्याने इतकं मनावर घेतलं होतं, की घरी सूप अळणी झालं तर तो "मीठ कमी वाटतंय" असंही म्हणत नसे. "मीठ टेबलाच्या त्या टोकाला आहे," असं म्हणे, आणि त्याची बायको व्हेल्मा काय ते समजून घेई.

पेशाने तो पीकविम्याचा एजंट. गारपीट झाली की नुकसान मोजायला शेतावर जाणारा. गार वाटाण्याएवढी होती की गोटीएवढी की अक्रोडाएवढी, यावरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे होतात अशा मुलखात, ऑर्लिन अक्रोड म्हणाला की अक्रोड, तिथे विषय संपला. आपल्या शब्दाला गावात वजन आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता. थोडा म्हणजे, टोपी जरा सरळ घालण्याइतका.

तर त्या ऑक्टोबरात, दुपार कलताना, तो गावाबाहेरच्या टेकडीवर कबरस्तानाच्या कुंपणाला रंग देत होता. हे चर्चच्या समितीचं काम. समितीत बरीच माणसं आहेत, पण ब्रश एकच आहे आणि तो ऑर्लिनच्या गॅरेजमध्ये असतो. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं, वारा दक्षिणेचा होता, खाली ज्वारीची कापणी चालली होती. त्याने पाठ सरळ करायला मान वर केली तेव्हा गावातल्या धान्याच्या उंच कोठाराच्या वर, आभाळात काहीतरी उभं होतं.

त्याने शिकवणीप्रमाणे हात लांब करून मूठ धरून पाहिली. मुठीएवढं. रंग करडा. आवाज नाही. वारा दक्षिणेचा असूनही जागचं हलत नव्हतं. आकार म्हणाल तर झाकण घातलेल्या पातेल्यासारखा. ऑर्लिनने ब्रश डब्यात ठेवला, डब्याला झाकण लावलं, कारण रंग वाळतो, आणि गाडीत जाऊन रेडिओ उचलला.

रोझेला पोलाचेक ही पन्नाशीची, कोरड्या आवाजाची बाई. रेडिओवर बातमी घ्यायची तिची पद्धत ठरलेली होती. ठिकाण, काय दिसतंय, कुठे चाललंय, आणखी कोणी पाहिलं. घराला आग लागो की गाय रस्त्यावर येवो, प्रश्न तेच आणि त्याच क्रमाने.

"ठिकाण?"

"कबरस्तानाची टेकडी."

"काय दिसतंय?"

ऑर्लिनने सांगितलं. मूठ, करडा रंग, वारा, झाकण, पातेलं, सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली.

"कुठे चाललंय?"

"कुठेच नाही. उभं आहे. थांब. आता निघालं. वायव्येकडे." मग जरा थांबून तो म्हणाला, "गेलं."

"आणखी कोणी पाहिलं?"

ऑर्लिनने आजूबाजूला नजर टाकली. "इथे माझ्याखेरीज सगळी मेलेली माणसं आहेत, रोझेला."

पुन्हा खरखर. मग ती हळू आवाजात म्हणाली, "ऑर्लिन, हे मी खरंच लिहू का? अजून पेन टेकवलेलं नाही मी."

"लिही ना. त्यात काय?"

त्यात काय होतं ते त्याला टेकडी उतरून गावात यायच्या आत कळलं. ब्रँडेलमध्ये प्रत्येक स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी, पोलिसांचं बोलणं पकडणारा एक छोटा रेडिओ असतो. तो दिवसभर चालू असतो. कोणाकडे रुग्णवाहिका गेली, कोणाच्या पोराने गाडी खड्ड्यात घातली, हे गावाला शेरीफच्या आधी समजतं. दुसऱ्याचं बोलणं असं ऐकणं कितपत बरं, याच्या खोलात कोणी शिरत नाही, कारण शेरीफच्या आईच्या स्वयंपाकघरातही तो आहे. ऑर्लिनची गाडी मुख्य रस्त्याला लागली तेव्हा पेट्रोलपंपावरच्या माणसाने तिला पाहून हातातली बादली डोक्यावर पालथी धरली आणि परग्रहावरून आल्यासारखी अदबीने मान झुकवली.

घरी व्हेल्मा दारातच उभी होती.

"पातेलं?" ती म्हणाली.

"पातेल्यासारखं."

"जगात इतक्या वस्तू आहेत. हॅट म्हणायचं होतंस. पातेलं कशाला मध्ये आणलंस? रविवारी चर्चमध्ये सहभोजन आहे, आणि मी पातेलं घेऊन जाणार आहे."

ती पातेलं घेऊन गेली. त्याच्या बुडाला चिकटपट्टीवर "कॅस्पर" असं नाव लिहिलेलं होतं, जसं सगळ्यांच्या भांड्यांवर असतं, म्हणजे जेवणानंतर भांडी हरवत नाहीत. त्या रविवारी टेबलावर बटाट्याची आणि नूडल्सची बरीच पातेली होती, पण लोक रांगेने येऊन फक्त व्हेल्माच्या पातेल्याचं झाकण बोटाने हळूच उचलून आत डोकावत आणि झाकण परत ठेवत. वाढून कोणी घेतलं नाही. व्हेल्माने ते भरलेलं पातेलं मांडीवर घेऊन घरापर्यंत प्रवास केला. ऑर्लिनला स्वतःवर हसलेलं सोसवत होतं. पण तिच्या मांडीवरचं ते निवत चाललेलं जेवण त्याला सोसवलं नाही.

सल्ले द्यायला शेजारचा व्हर्जिल ट्रॉयर पहिला आला. व्हर्जिल निवृत्त पोस्टमास्तर, आणि सध्या गावातल्या सगळ्यांचा सल्लागार, विनावेतन.

"फुगा म्हण," तो म्हणाला.

"काय?"

"फुगा होता म्हण. हवामानखात्याचा. खातं फुगे सोडतंच. सरकारी फुगा, कोणाची ना नाही. उद्या सकाळी मंडळी जमतात त्या कॉफीच्या टेबलावर येऊन एवढंच म्हण, की गड्यांनो, फुगा होता. दोन दिवस हसतील आणि विसरतील."

"पण तो फुगा नव्हता, व्हर्जिल. वाऱ्याविरुद्ध फुगा उभा राहत नाही."

"अरे, वाऱ्याला कोण विचारायला जातंय?"

ऑर्लिनने ठरवलं, की आपण हे रीतसर सिद्ध करायचं. इथून त्याची खरी परवड सुरू झाली. त्याने हवामानखात्याला फोन केला. त्यांनी सांगितलं, त्या दुपारी आमचा फुगा नव्हता, पण तसं लेखी देता येणार नाही, कारण नसलेल्या फुग्याची नोंद ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. तुम्ही विमानतळाला विचारा. विमानतळाने सांगितलं, आमच्या पडद्यावर काही नव्हतं, हवाईदलाला विचारा. हवाईदलाच्या तळावरचा एक तरुण अधिकारी फार नम्र होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, आपण चष्मा लावता का?"

म्हणून ऑर्लिन शेजारच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला आणि आपली नजर उत्तम असल्याचं प्रमाणपत्र घेऊन आला. तो परतेपर्यंत गावात बातमी होती, की बिचाऱ्याच्या डोळ्यांवर उपचार चालू आहेत. हे खोडून काढायला त्याने ते प्रमाणपत्र कॉफीच्या टेबलावर सगळ्यांना दाखवलं. त्यावर एकजण सहानुभूतीने म्हणाला, "मग डोळे नाहीत तर." आणि सगळ्यांनी त्याच्या टोपीकडे पाहिलं, म्हणजे टोपीच्या आत जे असतं तिकडे. ज्या माणसाची नजर शाबूत आहे त्याचं डोकं ठीक असणं किती कठीण असतं, याचा ऑर्लिनने तोवर कधी विचार केला नव्हता.

विमा कंपनीच्या साहेबांचं बोलावणं आलं. साहेब चांगले होते. त्यांनी कॉफी दिली, व्हेल्माची चौकशी केली, आणि पुढच्या मोसमापासून त्याने मोजलेल्या गारा दुसरा एक माणूस येऊन पुन्हा मोजेल असं सांगितलं. "तुमच्यावर अविश्वास नाही," ते म्हणाले. "पण शेतकरी विचारतात हो, की गार पातेल्याएवढी पडली तर भरपाई किती." ऑर्लिन हसला. हसायला हवं होतं म्हणून हसला, आणि गाडीत येऊन बराच वेळ किल्ली न फिरवता बसून राहिला.

या सगळ्यात एक चमत्कारिक गोष्ट घडायला लागली. दाढ दुखते म्हणून तो दाताच्या डॉक्टरकडे, डॉक्टर लुंडबर्गकडे गेला. डॉक्टरने त्याच्या तोंडात कापूस कोंबला, नळी अडकवली, मदतनीस बाईला बाहेर पाठवलं, दार लावलं आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "ऑर्लिन, मीही पाहिलं. याच खिडकीतून. झाकण अगदी बरोबर सांगितलंत तुम्ही. मी तर कडीसुद्धा पाहिली असं मला वाटतं."

"आं," ऑर्लिन म्हणाला.

"पण माझं नाव नको. माझा धंदा असा आहे, की लोक माझ्यासमोर तोंड उघडून बसतात. उद्या ते मिटून बसले तर मी खाऊ काय?"

ऑर्लिनला यावर पुष्कळ बोलायचं होतं, पण कापूस निघाला तेव्हा बाई परत आली होती आणि डॉक्टर मोठ्याने हवापाण्याबद्दल बोलत होता.

चर्चच्या फादर हुर्टने तर त्याला कुंपणाच्या रंगाचं निमित्त करून बोलावलं. रंगाचं बोलणं झाल्यावर फादर जरा घुटमळला. "ऑर्लिन, कबुलीच्या खिडकीत मला कोण काय सांगतं ते मी कोणाला बोलू शकत नाही, हे तुला माहीत आहे."

"हो, फादर."

"तेव्हा मी काही बोलत नाहीये. फक्त तू एकटा आहेस असं समजू नकोस."

"लोक याची कबुली द्यायला येतात? म्हणजे पाप म्हणून?"

फादरने सुस्कारा सोडला. "पाहणं हे पाप नाही असं मी एखाद्याला सांगू शकतो. लपवणं कदाचित असेल. पण लपवल्याचा पश्चात्ताप घेऊन अजून कोणी आलेलं नाही."

"तुम्ही स्वतः त्या दुपारी कुठे होता, फादर?"

"मी घरात होतो," फादर म्हणाला, आणि कुंपणाला पांढराच रंग बरा असं पुन्हा एकदा सांगून आत गेला.

वर्ष सरलं. फेब्रुवारीत शेरीफ डेल हॅगमन घरी आला. डेल आणि ऑर्लिन शाळेपासूनचे. डेलने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो टोपीशीच बोलू लागला.

"राखणदारांच्या बैठकीत ठरलंय, ऑर्लिन. तुझ्या एकट्याच्या शब्दावर यंदा भोंगा वाजवायचा नाही. दुसऱ्या कोणी पाहिलेलं हवं."

ऑर्लिनला हे अनपेक्षित नव्हतं, तरी त्याने विचारलं, "मी आजवर एक तरी खोटी बातमी दिलीय का, डेल?"

"नाही. म्हणूनच तर अवघड झालंय. खोटारडा असतास तर सोपं होतं. अरे, भोंगा वाजला आणि लोक म्हणाले, ऑर्लिनला पुन्हा पातेलं दिसलं असेल, आणि खाली उतरलेच नाहीत, तर? मला लोक तळघरात हवेत. तुझी इज्जत मला नंतर बघता येईल." मग तो जरा पुढे झुकला. "एक वाक्य बोल. रेडिओवर बोल, सगळे ऐकतील. फुगा होता, चुकलो. त्या क्षणी हुकूम रद्द. तसं मी लिहूनच घेतलंय, की तू मागे घेत नाहीस तोवर."

"मी फुगा पाहिला नाही."

"पातेलं तरी पाहिलंस का?"

"पातेल्यासारखं पाहिलं. आज मी न पाहिलेला फुगा सांगितला, तर उद्या मी सोंड म्हणेन तेव्हा तू काय समजायचं?"

 डेलने कॉफी संपवली आणि तो गेला. व्हेल्मा भांडी विसळत होती. पाठमोरीच ती म्हणाली, "मला कोणी विचारत नाही म्हणून सांगते. एवढ्या संसारात तू माझ्या स्वयंपाकालाही कधी आहे त्याहून चांगला म्हटलं नाहीस. तुला पातेलं दिसलं असेल तर पातेलंच असणार." बरेच महिने तिने हे मनात धरून ठेवलं होतं असं तिच्या आवाजावरून वाटलं. ऑर्लिनने उठून फडकं घेतलं आणि तिच्या शेजारी उभा राहून भांडी पुसू लागला.

मेमध्ये शाळेच्या शेवटच्या वर्गाचा निरोपसमारंभ होता. अशा दिवशी ब्रँडेलमध्ये घरात कोणी राहत नाही. सगळं गाव शाळेच्या व्यायामशाळेत, पंखे हलवत, आपल्या पोराचं नाव पुकारलं जायची वाट बघत बसलेलं. राखणदारही तिथेच होते, कारण कोणाची नात, कोणाचा पुतण्या. व्हर्जिलची नात तर भाषण करणार होती. डेल दाराशी उभा होता आणि त्याचा रेडिओ बाहेर गाडीत होता. व्हेल्मा केक कापायला गेली होती.

ऑर्लिनला टेकडीवर जायला कोणी सांगितलं नव्हतं. पण दुपारपासून हवा जड होती आणि नैर्ऋत्येचा रंग त्याला आवडला नाही. तो कुंपणाशी गाडी लावून उभा राहिला. बघता बघता ढगाचा एक तुकडा खाली उतरला आणि स्वतःभोवती फिरू लागला, हळू, जात्यासारखा. आभाळ हिरवं पडलं. पक्षी गप्प झाले. मग त्या फिरत्या तुकड्याला सोंड फुटली.

"ठिकाण?" रोझेलाचा आवाज आला.

"टेकडी. सोंड फुटली आहे, रोझेला. जमिनीला टेकायला आलीय."

"कुठे चाललीय?"

"गावाकडे. सरळ शाळेवर."

रोझेलाचा आवाज किंचित हलला. "आणखी कोणी पाहिलं?"

"कोणी नाही. सगळे शाळेत आहेत."

"ऑर्लिन, मला हुकूम आहे."

"माहीत आहे."

"डेल उत्तर देत नाहीये. मी सारखी हाक मारतेय." खरखर. "ऑर्लिन, मला काहीतरी द्या. ज्यावर मला बटण दाबता येईल असं काहीतरी द्या."

सोंड जमिनीला टेकली. पहिल्यांदा ज्वारीच्या शेतातली धूळ उडाली, मग एका गोठ्याचं छप्पर गेलं. ऑर्लिनने आयुष्यात कधी जे वाटलं ते सांगितलं नव्हतं, आणि जे दिसलं ते कधी लपवलं नव्हतं. एवढी एकच गोष्ट त्याच्याकडे स्वतःची म्हणण्यासारखी होती. आणि खाली व्यायामशाळेत व्हेल्मा केक कापत होती.

"लिही," तो म्हणाला. "ऑक्टोबरमधलं ते म्हणजे फुगा होता. हवामानखात्याचा फुगा. मी चुकलो. आता दाब."

भोंगा वाजला.

व्यायामशाळेच्या खाली कपडे बदलायच्या खोल्या आहेत. सगळं गाव तिथे कोंबून बसलं. छप्पर उडालं, बँडची वाद्यं पार पुढच्या गावच्या शेतात जाऊन पडली, केकचा पत्ता आजतागायत लागला नाही. माणूस एकही गेला नाही. व्हर्जिलच्या नातीने आपलं भाषण खाली, नळांच्या गर्दीत उभी राहून पुरं केलं.

त्यानंतर ब्रँडेलने ऑर्लिनला माफ केलं. त्यापेक्षा त्यांचं हसणं बरं होतं, असं त्याला पुढे वाटायला लागलं. कॉफीच्या टेबलावर त्याला पैसे देऊ देईनात. विमा कंपनीच्या साहेबांनी गारा मोजणारा दुसरा माणूस परत बोलावला. पेट्रोलपंपावर बादली जागेवर राहिली. व्हर्जिल त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "मी पहिल्या दिवशी सांगत होतो की नाही? फुगा म्हण. उगाच हिवाळाभर डोकं पिकवलंस." डॉक्टर लुंडबर्गने रस्त्यात हात हलवला, मोकळेपणाने, सुटल्यासारखा. सहभोजनात व्हेल्माचं पातेलं सगळ्यांच्या आधी रिकामं झालं, आणि लोकांनी ते खरडून खाल्लं. ऑर्लिन सगळ्यांना धन्यवाद देत होता. रात्री जेवताना मात्र तो बशीकडे बघत बसे, आणि सूप अळणी असलं तरी मीठ कुठे आहे ते सांगत नसे.

जूनमध्ये एका दुपारी रोझेला दारात आली. तिच्या हातात व्हेल्माचं पातेलं होतं, घासून लख्ख केलेलं. "चर्चच्या स्वयंपाकघरात राहिलं होतं," ती म्हणाली. "बुडाला नाव होतं."

व्हेल्मा घरात नव्हती. ऑर्लिनने रोझेलाला ओसरीवर बसवलं. ती पातेलं मांडीवर घेऊन बसली आणि परत देण्याचं तिने नाव काढलं नाही.

"माझ्या तळघराला छताशी एक खिडकी आहे," ती म्हणाली. "एवढीशी. तिच्यातून रस्ता दिसत नाही, माणसं दिसत नाहीत. कोठाराचं टोक तेवढं दिसतं."

ऑर्लिनने आपली खुर्ची तिच्याकडे वळवली.

"तुम्ही सांगत होता आणि मी बघत होते. तुम्ही म्हणालात मूठ, मी हात लांब केला. मूठ होती. तुम्ही म्हणालात झाकण, मी मनात म्हटलं, बरोबर. मग मी विचारलं, आणखी कोणी पाहिलं. तोंडातून सवयीने गेलं. तुम्ही म्हणालात, सगळी मेलेली माणसं." ती झाकणाच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. "मी तेव्हा बोलले नाही. मला ती नोकरी हवी आहे, ऑर्लिन. पण सगळा हिवाळा मी निजताना म्हणत असे, ऑर्लिन आहे ना. तो सांगतोय तोवर मी वेडी नाही. आणि मग तुम्ही म्हणालात फुगा."

"तू काहीतरी मागितलंस."

"मागितलं खरं. तेच मागायला नको होतं." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुम्ही म्हणालात तर फुगाच असेल. तुम्ही कधी चुकत नाही. म्हणून एकदाच विचारते. होता का फुगा?"

ऑर्लिनला दिसत होतं, की "हो" म्हटलं तर ही बाई आज शांत झोपेल आणि आयुष्यभर आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार नाही.

"नव्हता," तो म्हणाला.

रोझेलाने डोळे पुसले. 

"पण आता काय उपयोग?" ऑर्लिन म्हणाला. "मी पुन्हा फिरलो तर डेलचा हुकूम परत येणार. पुढच्या मेमध्ये भोंगा वाजणार नाही."

"हुकूम मी टाइप केलाय," रोझेला म्हणाली. तिचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा कोरडा झाला होता. "एकट्याच्या शब्दावर नको, असं आहे त्यात. एकट्याच्या." ती उठली, पातेलं तिने खुर्चीवर ठेवलं. "उद्या सकाळी मी कामावर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, गावात तव्यावर पॅनकेक पडत असताना आणि पावाच्या डब्यांशेजारचे रेडिओ चालू असताना, ऑर्लिनने टेकडीवर गाडी नेली. इथूनच सांगितलं पाहिजे असं त्याला वाटलं. त्याने टोपी सरळ केली आणि रेडिओ उचलला.

"ठिकाण?"

"कबरस्तानाची टेकडी. मला ऑक्टोबरची बातमी पुन्हा द्यायचीय."

"काय दिसलं?"

त्याने सांगितलं. मूठ, करडा रंग, वारा, झाकण. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. फुग्याचं मी मेमध्ये खोटं बोललो, तेही त्याने सांगितलं.

"कुठे गेलं?"

"वायव्येकडे."

पुढचा प्रश्न यायला वेळ लागला. खाली गावात कुठेतरी एक कुत्रं भुंकत होतं, बाकी सगळं ब्रँडेल चमचे हातात धरून थांबलेलं असावं.

"आणखी कोणी पाहिलं?" रोझेलाने विचारलं.

ऑर्लिन बोलला नाही. दुसऱ्याचं नाव सांगणं त्याच्या शिकवणीत बसत नव्हतं.

"दोन लिहिते," रोझेला म्हणाली. "दुसरी रोझेला पोलाचेक. तळघराच्या खिडकीतून."

नुसती खरखर.  तेवढ्यात रेडिओतून टेलिफोनची घंटा ऐकू आली, तिच्या टेबलावरच्या.

"थांबा, ऑर्लिन, फोन वाजतोय," ती म्हणाली, आणि रेडिओचं बटण सोडायला विसरली. किंवा तिने मुद्दाम सोडलं नाही, याबद्दल गावात अजून दोन मतं आहेत. गावाला तिचं फोनवरचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"हो, डॉक्टर. बोला. जरा मोठ्याने बोला, इतकं हळू ऐकू येत नाही." मग जरा वेळाने, "ते सगळं ठीक आहे, डॉक्टर. पण नाव लागेल."